सावडीची द्राक्षकाढणी

आंबा कच्चा उतरवून अढीत घातला, तरी तो पिकतो. केळीचा घड कापून ठेवला, तरी काही दिवसांत पिवळा होतो. द्राक्षाचे तसे नाही. घड वेलीपासून वेगळा झाला, की त्याची गोडी वाढणे तेथेच थांबते. म्हणून द्राक्षे वेलीवरच पिकू द्यावी लागतात आणि पिकल्यानंतर थोड्याच दिवसांत ती उतरवावी लागतात. बागाईतदाराच्या वर्षभराच्या कष्टांचे फळ या थोड्या दिवसांवर अवलंबून असते. लहान बाग असलेल्या कुटुंबाला हे काम एकट्याने झेपत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ती सावड.

महाराष्ट्रात नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे इत्यादी जिल्ह्यांत द्राक्षबागा आहेत. येथे वेलींची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी केली जाते. तिच्यानंतर फुटणाऱ्या काड्यांत पुढच्या पिकाची तयारी होते. ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि त्यानंतर साधारणपणे चार महिन्यांनी घड काढणीस येतात. घड तयार झाला की नाही, हे केवळ रंगावरून ठरवत नाहीत. मण्यांच्या रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटर या लहानशा उपकरणावर टाकून गोडी मोजली जाते. थॉमसन सीडलेस जातीची द्राक्षे साधारणपणे 18 अंश ब्रिक्स गोडी आल्यावर काढतात. म्हणजे 100 ग्रॅम रसात विरघळलेले सुमारे 18 ग्रॅम पदार्थ असतात आणि त्यांत बहुतांश साखरच असते.

घड पिकला, की धोकाही वाढतो. अवकाळी पाऊस झाला, तर पिकलेले मणी पाणी शोषून फुगतात आणि त्यांची पातळ साल तडकते. तडकलेल्या मण्यावर बुरशी वाढते व ती घडभर पसरते. एका एकराच्या चांगल्या बागेत आठ ते दहा टन माल असू शकतो. हा सारा माल एकेक घड हाताने कापून उतरवावा लागतो. नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा यांसारख्या तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या या कामासाठी येतात. परंतु अनेक बागा एकाच आठवड्यात पिकल्या, म्हणजे हात कमी पडतात. मोठी बाग टोळीला पुष्कळ दिवसांचे काम देऊ शकते; लहान बागेकडे दोन-चार दिवसांचेच काम असते.

सावड म्हणजे कामाची परतफेड कामाने करणे. आज एका घरातील दोन माणसे शेजाऱ्याच्या बागेत राबली, तर त्या शेजाऱ्याच्या घरातील दोन माणसे पुढे त्यांच्या बागेत येतात. हिशेब पैशांत नसतो, दिवसांत असतो. काही भागांत याच पद्धतीला पैरा असेही म्हणतात. इर्जिक ही याहून थोडी वेगळी रीत आहे. तीत गावकरी एखाद्याच्या शेतावर जमून एका दिवसात काम उरकतात आणि शेतमालक त्यांना जेवण घालतो. घरात आजारपण असेल, कर्ता पुरुष गेला असेल आणि घेतलेल्या दिवसांची फेड करणे अवघड असेल, तर अशा घराला इर्जिकीचा आधार होऊ शकतो.

मात्र सर्वांचे घड एकाच दिवशी पिकले, तर सावड कोलमडते. प्रत्येकाला आपली बाग सोडणे अशक्य होते. फळछाटणीच्या तारखेवरून काढणीचा काळ ठरतो. त्यामुळे तीन-चार कुटुंबांनी छाटणी काही दिवसांच्या अंतराने केली, तर काढणीही त्याच क्रमाने येऊ शकते. फेब्रुवारीतील मदतीचे नियोजन असे ऑक्टोबरमध्येच करावे लागते.

मदतीला येणारा नवखा असेल, तर त्याला काही गोष्टी समजावून द्याव्या लागतात. काढणी सकाळी, दव वाळल्यानंतर आणि ऊन चढण्यापूर्वी करावी. घड मण्यांना हात न लावता देठाला धरून कात्रीने कापावा. मण्यांवर जो पांढरट, मेणासारखा थर असतो, तो मण्यातील पाणी टिकवून ठेवतो. बोटे लागली, की तो पुसला जातो. क्रेटच्या तळाशी कागद अंथरून घड अलगद ठेवावेत; एकावर एक रचू नयेत. भरलेले क्रेट लगेच सावलीत न्यावेत. तेथे तडकलेले, सडलेले व बारीक मणी लहान कात्रीने काढून टाकतात. हे काम बारीक नजरेचे व सरावाचे असल्यामुळे अनुभवी हातांकडे सोपवतात. नवख्याने क्रेट वाहणे, कागद अंथरणे, मोजदाद ठेवणे ही कामे केली, तरी मोठा भार हलका होतो.

सावडीने प्रत्येक अडचण दूर होत नाही. 2020 च्या मार्च महिन्यात देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा द्राक्षांचा हंगाम चालूच होता. वाहतूक आणि बाजार विस्कळीत झाले. अनेक बागाईतदारांना विक्रीसाठी राखलेली द्राक्षे बेदाण्याकडे वळवावी लागली. शेजाऱ्याचे हात माल उतरवून देऊ शकतात; त्याला भाव मिळवून देणे त्यांच्या हाती नसते. तरीही वेलीवर सडून जाणारे पीक वेळेवर उतरले, तर त्याचे पुढे काय करायचे हे ठरवण्याची संधी उरते.

सावडीचा करार बहुधा कागदावर लिहिला जात नाही. तो पाळला जातो, कारण ज्याच्या बागेत आज आपण उभे आहोत, त्याची गरज उद्या आपल्याला पडणार आहे, हे दोघांनाही ठाऊक असते. शेवटचा क्रेट गाडीत चढला, की त्या बागेचे काम संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच माणसे, त्याच कात्र्या घेऊन, शेजारच्या बागेत उभी असतात.