कोलेस्टेरॉलची गोळी आणि यकृत: 11 अहवाल, 179 जीव

ब्रिटनमधील ‘हार्ट प्रोटेक्शन स्टडी’त हृदयरोग, रक्तवाहिन्यांचे विकार किंवा मधुमेह असलेल्या 20,536 जणांवर पाच वर्षे लक्ष ठेवले गेले. निम्म्यांना रोज 40 मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन हे ‘स्टॅटिन’ गटातले कोलेस्टेरॉलचे औषध दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधी गोळी. 2002 मध्ये निकाल आला. एसजीपीटी हे यकृताचे विकर (एन्झाइम) कमाल मर्यादेच्या चौपटीपलीकडे गेले ते औषधगटात 43 जणांचे (0.42 टक्के) आणि दुसऱ्या गटात 32 जणांचे (0.31 टक्के). फरक 11 जणांचा. मृत्यू औषधगटात 1,328 आणि दुसऱ्या गटात 1,507 झाले. फरक 179 जणांचा.

डोस वाढला की विकर वाढण्याचे प्रमाणही वाढते. 2005 च्या ‘टीएनटी’ चाचणीत 10,001 रुग्ण होते. अटोर्व्हास्टॅटिन हे दुसरे स्टॅटिन 10 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 0.2 टक्के जणांचे यकृत-विकर चढे राहिले. 80 मिलिग्रॅमवर हे प्रमाण 1.2 टक्के, म्हणजे सहापट झाले.

विकर वाढणे म्हणजे यकृताला इजा नव्हे. स्वीडनमधील 1988 ते 2010 च्या नोंदींत स्टॅटिनमुळे होणाऱ्या इजेचा दर ते घेणाऱ्या लाखात 1.2 निघाला. आइसलँडमध्ये 2010-11 मध्ये रुग्ण शोधून मोजले, तेव्हा अटोर्व्हास्टॅटिनसाठी तो 3,693 मध्ये एक, म्हणजे लाखात 27 आला. मात्र त्यामागे रुग्ण दोनच होते. उदाहरण घ्यायचे तर, भिवंडी-निजामपूर शहराची 2011 च्या जनगणनेतील लोकसंख्या 7,09,665. साऱ्या शहराने ही गोळी घेतली असे धरले, तर पहिल्या दराने 9 आणि दुसऱ्या दराने 192 जणांना इजा होईल.

भारतातील नोंदींचे चित्र आणखी वेगळे आहे. 2013 ते 2018 दरम्यान औषधांमुळे यकृताला इजा झालेल्या 1,288 रुग्णांची नोंद झाली. त्यात क्षयरोगाच्या औषधांचा वाटा 46.4 टक्के, पूरक व पर्यायी औषधांचा 13.9 टक्के आणि स्टॅटिनचा 1.4 टक्के होता. हा वाटा आहे, दर नव्हे. तरी भीती कुठे जास्त हवी, ते त्यातून कळते.

विसंगती पुढे आहे. 2022 च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार 38.6 टक्के भारतीय प्रौढांच्या यकृतात चरबी साठलेली आहे. त्यामुळे पहिल्या गोळीआधीच अनेकांचे एसजीपीटी वाढलेले असू शकते आणि दोष गोळीवर जातो. ग्रीसमधील ‘ग्रीस’ अभ्यासात असे विकर वाढलेले 437 जण होते. स्टॅटिन घेणाऱ्या 227 पैकी 22 जणांना हृदय-रक्तवाहिन्यांचा झटका किंवा तत्सम त्रास झाला (10 टक्के). न घेणाऱ्या 210 पैकी 63 जणांना (30 टक्के).

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी 2012 मध्ये ठरावीक काळाने यकृत तपासण्याची शिफारस मागे घेतली. आता एक तपासणी गोळी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर लक्षणे दिसली तरच. मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे परिसरात गोदामांत रोजंदारीवर काम करणाऱ्याला तपासणीसाठी भिवंडीला जाणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे. त्याच्यासाठी हा बदल पैशांत मोजता येतो.

डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, सततचा थकवा किंवा पोटाच्या उजव्या बाजूला वरती दुखणे, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. यकृत निकामी होत चाललेल्या रुग्णांना ही गोळी देत नाहीत. बाकीच्यांनी केवळ एक आकडा वाढला म्हणून ती स्वतःहून बंद करू नये.