न्हाणीघराची तार

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे जे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात, त्यांच्यात पाणी, पीक आणि उन्हाळा यांबाबत कितीही भेद असला, तरी पौषातल्या पहाटे गरम पाण्यावाचून स्नान करणे दोन्हीकडे सारखेच दुष्कर असते. परसात धगधगणारा तांब्याचा बंब आता बहुतेक घरांतून निवृत्त झाला असून त्याची जागा भिंतीवरच्या विजेच्या गिझरने घेतली आहे. परंतु बंबाला किती लाकडे लागतात हे ज्या घरात लहानथोर सर्वांना ठाऊक असे, त्याच घरात गिझरला किती मापाची तार लागते हे सांगू शकणारा गृहस्थ आज विरळा. तो मामला सर्वस्वी वायरमनवर सोपविला जातो, आणि तार भिंतीत गाडली जात असल्याने तिच्यात केलेली काटकसर कोणाच्या नजरेस येत नाही.

वास्तविक हा हिशेब त्रैराशिकाहून कठीण नाही. प्रत्येक गिझरवर त्याची शक्ती वॉटमध्ये नमूद केलेली असते. त्या आकड्याला घरगुती पुरवठ्याच्या २३० व्होल्ट या दाबाने भागले, की तारेतून किती अँपिअर प्रवाह वाहणार ते निघते. २,००० वॉटच्या साठवणीच्या गिझरला सुमारे ९ अँपिअर लागतात, ३,००० वॉटच्या इन्स्टंट गिझरला १३, आणि ४,५०० वॉटच्या गिझरला जवळजवळ २०, म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटला न पेलणारे. तारेचे माप म्हणजे तिच्यातील तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ. दुकानात दीड, अडीच, चार ‘एमएम’ म्हणून जी तार मागितली जाते, ती तितक्या चौरस मिलिमीटरांची असते. जुने वायरमन मात्र अद्याप ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ अशी गेजची भाषा बोलतात. दीडची तार दिव्या-पंख्यांना, अडीचची १६ अँपिअरच्या सॉकेटला आणि चारची गिझरला, असा सामान्य प्रघात आहे. केवळ प्रवाह पाहिला तर ३,००० वॉटला अडीचची तारही पुरते. मग चारचा आग्रह कशासाठी, असा प्रश्न कोणीही व्यवहारी मनुष्य विचारील.

त्याचे उत्तर अंतरात आहे. प्रवाहाने तार तापते आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडला. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. समजा, मीटर पुढल्या ओसरीत आहे, न्हाणीघर मागच्या परसात आहे, आणि तारेचा मार्ग २० मीटरांचा आहे. म्हणजे प्रवाहाला जाऊन-येऊन ४० मीटर तांब्यातून जावे लागते. १३ अँपिअर वाहत असता या मार्गावर दीडच्या तारेत सुमारे ८० वॉट, अडीचच्या तारेत पन्नासाच्या आत, तर चारच्या तारेत सुमारे ३० वॉट इतकी शक्ती भिंत तापविण्यात खर्ची पडते. साध्या पीव्हीसी आवरणाची सहनशक्ती ७० अंशांपर्यंतच असते, आणि एकाच पाइपात चार-सहा तारा कोंबल्या की त्यांना आपली उष्णता बाहेर टाकण्यास वाव उरत नाही. याची पहिली चिन्हे सॉकेटवर उमटतात: भोकांभोवतीचे पांढरे प्लास्टिक आधी पिवळट, मग तपकिरी होते, आणि स्क्रू सैल असेल तर काही दिवसांत काळे पडून जळका दर्प देऊ लागते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. गिझरचे दिवस तेच गहू-हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस. जेथे पंप आणि घरे एकाच रोहित्रावर असतात, तेथे सकाळी दाब उतरतो. दाब २३० वरून २०० व्होल्टवर आला, की गिझरची शक्ती सुमारे पाऊणपट उरते, आणि लोक विनाकारण यंत्राला दोष देतात. जाड तार खांबावरचा दाब वाढवू शकत नाही, हे खरे. परंतु वरील घरात दीडची तार त्यातलेही सहा-एक व्होल्ट वाटेत गमावते, तर चारची तार अडीचहून कमी.

नव्या बंगल्यांतून आता शॉवरची हौस दिसते. वाहते पाणी वाहतानाच तापवायचे, तर मिनिटाला ६ लिटर पाणी २० अंशांनी तापविण्यास ८,००० वॉटहून अधिक शक्ती लागते. इंग्लंडात असे विजेचे शॉवर सर्रास असून त्यांतील मोठ्यांना दहा चौरस मिलिमीटरची तार घालतात. आपला ३,००० वॉटचा इन्स्टंट गिझर तितकेच गरम पाणी मिनिटाला जेमतेम दोन लिटर देतो. उलट २५ लिटरांचा साठवणीचा गिझर २,००० वॉटवर पस्तीस-एक मिनिटांत पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेतो. सारांश, ज्याला अर्धा तास थांबण्याची तयारी आहे त्याला तांबे कमी लागते, आणि ज्याला तत्काळ पाणी हवे त्याने तांब्याचे मोल द्यावे.

तारेच्या मापाशी एमसीबीचे, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणाऱ्या बटनाचे, माप जुळले पाहिजे, कारण एमसीबी असते ती तारेच्या रक्षणासाठी. चारच्या तारेला २० अँपिअरची एमसीबी योग्य. ती वारंवार पडते म्हणून ३२ ची बसविणे म्हणजे पहारेकऱ्याला रजा देणे होय. शिवाय न्हाणीघरापर्यंत चारची तार नेली आणि मीटरपासून बोर्डापर्यंतची मुख्य तार जुनी, बारीक, कदाचित ॲल्युमिनिअमचीच राहिली, तर सगळा खर्च व्यर्थ गेला असे समजावे. महावितरणच्या देयकावरील मंजूर भार पाहून तो अपुरा असल्यास वाढवून घेण्याची तजवीज आधीच करावी.

शेगाव, नांदुरा, संग्रामपूर या बाजूंच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यातील क्षार कॉइलवर थर धरतात. कॉइलचे आवरण फुटले की वीज पाण्यात उतरते. तेथे जाड फेजतार काहीच वाचवीत नाही. जीव वाचवितात ती फेजच्याच मापाची, सलग अर्थिंगची तार आणि गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी.

म्हणून घर बांधताना, प्लास्टर चढण्यापूर्वी, मालकाने परवानाधारक तारतंत्र्याकडून गिझरची शक्ती, तारेची लांबी, तिचे माप आणि एमसीबी एवढ्या चार बाबी कागदावर लिहून घ्याव्यात, आणि तारेवर आय.एस. ६९४ हा मानक-क्रमांक छापलेला आहे याची खातरजमा करावी. अडीच आणि चार यांच्या किमतीतला फरक एकदाच द्यावा लागतो. चुकीचे माप बदलायचे, तर त्यासाठी टाइल्स लावलेली भिंत फोडावी लागते.