गिटारचा स्विच खरखरतो तेव्हा

पावसाळ्यात ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडच्या दमट हवेत इलेक्ट्रिक गिटारचा स्विच खरखरू लागतो, मध्येच आवाज गायब होतो. ‘पिकअप जळलं’ असा समज सहज होतो. पिकअप (तारांची कंपने टिपणारे चुंबकावरचे तारेचे वेटोळे) साध्या गिटारमध्ये बाहेरून वीज घेतच नाही. ते जळण्याचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही.

स्विचचे काम कोणत्या पिकअपचा आवाज पुढे जाईल ते ठरवणे. त्यातल्या धातूच्या पट्ट्यांवर ऑक्साइडचा (हवेमुळे चढणारा गंजासारखा थर) पातळ पापुद्रा बसतो. टीव्हीच्या रिमोटमध्ये सेल नवे असूनही टोके काळवंडल्यामुळे बटण चालत नाही, तसेच हे. घरातल्या दिव्याच्या स्विचमधला २३० व्होल्टचा दाब असला पापुद्रा भेदतो. गिटारचा संकेत मात्र सहसा एका व्होल्टहूनही कमी, त्यामुळे तिथेच अडतो.

म्हणून नवा स्विच घेण्याआधी केबल काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा पट्ट्यांवर मारावा आणि दांडा वीसेक वेळा मागेपुढे करावा. खोबरेल किंवा मशीनचे तेल कृपया नको, त्यावर धूळ चिकटते. एवढे करूनही एकाच जागी आवाज तुटला, तर सोल्डरचा जोड सुटला आहे का किंवा पट्टीचा ताण गेला आहे का, ते पाहावे. ताण गेला असेल तर मात्र स्विच बदलावाच.