पेट्रोलात बुडालेला पंप

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील एखाद्या शेतावर गेलात, तर विहिरीचा पंप कोठे बसवला आहे ते जरूर पाहा. विहीर खोल असेल, तर तो काठावर सापडणार नाही. तो आत पाण्याजवळच्या कट्ट्यावर असेल, नाहीतर पाण्यातच बुडालेला असेल. असे का?

खरे म्हणजे पंप पाणी ओढत नाही. तो नळीतील दाब फक्त कमी करतो. पाणी वर ढकलते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो आणि तो पाण्याचा १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलतो. अहिल्यानगर शहर सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तेथे हा दाब सुमारे ९४ किलोपास्कल, म्हणजे स्तंभ ९.५ मीटरच. प्रत्यक्षात सहा-सात मीटरपलीकडे भरवसा नसतो. पंपाने पुढे ढकलण्याला मात्र हवेच्या दाबाची ही मर्यादा नाही.

आता मोटारीकडे वळू. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘सुप्रा एसएईइंडिया’ या स्पर्धेसाठी स्वतः छोटी शर्यतीची गाडी बांधतात. कार्ब्युरेटरला पेट्रोल नुसते पोचले तरी चालते. इंजेक्टरला मात्र ते साधारण ३०० किलोपास्कल दाबाने द्यावे लागते. त्यासाठी विजेवर चालणारा पंप हवा. तो केवढा असावा आणि कोठे बसवावा?

केवढा?

समजा, इंजिनाची शक्ती ३० किलोवॅट आहे. पूर्ण शक्तीवर दर किलोवॅट-तासाला ३०० ग्रॅम पेट्रोल लागते असे धरू. म्हणजे तासाला ९ किलोग्रॅम. पेट्रोलच्या एका लिटरचे वस्तुमान सुमारे ०.७४ किलोग्रॅम असते, म्हणून हे झाले १२ लिटर. तीस टक्के राखीव धरले, की सुमारे १६ लिटर. पण हा प्रवाह ३०० किलोपास्कल दाबावर मिळायला हवा. तोंड मोकळे ठेवून मोजलेला आकडा येथे उपयोगाचा नाही, कारण दाब वाढला की प्रवाह घटतो. फार मोठा पंपही नको. जादा पेट्रोल टाकीत परत येत राहते आणि तापते.

कोठे?

पेट्रोल पाण्यापेक्षा फार लवकर उडते. ३८ अंश सेल्सिअसला त्याचा बाष्पदाब सुमारे ६० किलोपास्कल धरा. नळीतील दाब याहून खाली गेला, की पेट्रोल नळीतच उकळू लागते. म्हणून ९४ पैकी फक्त ३४ किलोपास्कल वापरता येतात. उन्हाने व इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोल ५० अंशांपर्यंत तापले, तर जवळजवळ काहीच शिल्लक राहत नाही. अशा वेळी पंपाआधी बारीक गाळणी असेल किंवा पंप टाकीच्या वर असेल, तर नळीत बुडबुडे होतात. मग पंप वाफच घुसळत बसतो आणि इंजिन बंद पडते. यालाच बाष्परोध म्हणतात.

यावरून नियम सहज निघतात. पंप टाकीजवळ, तिच्या तळापेक्षा खाली आणि धुराच्या नळीपासून दूर असावा. त्याच्या आधी जाड जाळी आणि नंतर बारीक गाळणी असावी. सर्वांत उत्तम म्हणजे पंप टाकीतच बुडवावा. तेथे पेट्रोलच त्याला थंड ठेवते.

विजेची मोटर पेट्रोलात असून आग कशी लागत नाही? पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच पेटते. पंपाच्या आत द्रव पेट्रोल असते, हवा नसते. टाकीतील मोकळ्या जागेतही वाफ सहसा यापेक्षा दाट असते. पण रिकामी टाकी कधीही निर्धोक समजू नका!

खरा धोका पंपानंतरच्या नळीत असतो. ती फुटली तर पेट्रोलचा फवारा उडतो. म्हणून तेथे दाब सोसणारी आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलने खराब न होणारीच नळी हवी. इंजिन थांबताच पंपाचा वीजपुरवठा आपोआप तुटेल, अशी सोयही हवी.

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांसमोर आणि फक्त पाण्याने करा. सुई नसलेल्या प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये थोडे गरम पाणी घ्या. हवा काढून तोंड टोपणाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या मागे ओढा. शंभर अंशांच्या बरेच खाली असलेले पाणी उकळू लागेल. दट्ट्या सोडलात की वाफेचे बुडबुडे नाहीसे होतील. काही बारीक बुडबुडे मात्र उरतील. ते कशाचे, हे तुम्हीच शोधा.