मित्राला न मिळालेला शेवट

दोन प्रतिस्पर्धी नर्तकी एकमेकींच्या प्रेमात पडतात, अशी कादंबरी वाचताना गोडी कशात असते? प्रतिस्पर्धी जितक्या बारकाईने पाहते, तितके दुसरे कोणी पाहत नाही. समोरचीचा पदन्यास, दम, समेवर येण्याची ढब तिला पाठ असते. या निरखण्याचे प्रेम झाले आहे, हे नायिकांच्या आधी वाचकाला कळते. खरी गंमत तिथे आहे.

मराठीत अशी ओढ विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये दिसते. १९८१ साली आलेल्या या नाटकात मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. कॉलेजच्या नाटकात पुरुषपात्र रंगवताना मित्रा सहनायिका नमाच्या प्रेमात पडते. शेवट आत्महत्येत होतो. परदेशातही अशा कथांचा शेवट बहुधा शोकान्तच असे. पॅट्रिशिया हायस्मिथने १९५२ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या 'द प्राइस ऑफ सॉल्ट'मध्ये नायिकांना आशेचा शेवट दिला, म्हणूनच ती कादंबरी गाजली.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. परंतु दोघींनी एकत्र सुखाने राहावे, ही कल्पना न्यायालय देत नाही. ती कथेतूनच रुजते. म्हणून सुखान्त प्रेमकथेला 'हलके वाचन' म्हणून बाजूला सारू नये.