उल्वाचं गोत्र

वडनेर भोलजीहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. पण शेवाळाच्या बाबतीत डोळ्यांवर किती विसंबायचं, हे त्याच जिल्ह्यातलं लोणार सरोवरच दाखवतं. त्या सरोवराला हिरवा रंग देणारे सूक्ष्मजीव बहुतांशी सायनोबॅक्टेरिया, म्हणजे चक्क जिवाणू. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं ते आर्किया नावाच्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे. रंगाचं हे असं. आकार तर त्याहून चकवतो. त्याचा दाखला ओहोटीला कोकणच्या खडकांवर उघडा पडतो.

उल्वा ही समुद्री हिरव्या शेवाळांची प्रजाती. तिच्या पानासारख्या पापुद्र्याचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर एकमेकांना चिकटलेले पेशींचे अवघे दोन थर दिसतात. काही शेवाळं मात्र आतड्यासारख्या पोकळ नळ्यांची. त्यांची भिंत एकाच थराची. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दोन्हींना उल्वाच म्हटलं. १८२० मध्ये लिंक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने नळीवाल्यांना एंटेरोमॉर्फा नावाचं वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं, आणि ते पावणेदोनशे वर्षांहून अधिक टिकलं. २००३ मध्ये डीएनए ताडून पाहिला, तेव्हा नळ्या आणि पापुद्रे वंशवृक्षाच्या त्याच त्या फांद्यांवर सरमिसळ बसलेले निघाले. बिऱ्हाड मोडलं, नामकरणाच्या नियमाप्रमाणे जुनं नाव, उल्वा, उरलं.

इतका ढळढळीत फरक निरर्थक कसा, ही शंका रास्त आहे. पण उल्वा कॉम्प्रेसा ही एकच जाती कुठे नळी होते, कुठे पापुद्रा. शिवाय प्रयोगशाळेत सोबतचे जिवाणू काढून टाकले, की उल्वाच्या पेशींचा नुसता बेढब पुंजका होतो. ठरावीक जिवाणू परत दिले, की रूप परततं. ज्या आकाराला असा बाहेरून हातभार लागतो, त्याच्यावर नात्याचा सगळा भार टाकता येत नाही.

मग किनाऱ्यावरच्या अभ्यासकाने ओळखायचं कसं? अडचण खरी आहे; नुसत्या नजरेने जाती सांगणं आता कठीणच. पण नेमक्या नावाचा उपयोगही तेवढाच खरा. २००८ च्या ऑलिंपिकआधी चीनमधल्या चिंगदाओचा, शिडाच्या बोटींच्या शर्यतींचा समुद्र उल्वा प्रोलिफेराने झाकला. दहा लाख टनांहून अधिक शेवाळ उपसावं लागलं. जाती पक्की झाल्यावर तिचा माग दक्षिणेकडच्या शेवाळशेतीच्या तराफ्यांपर्यंत लावता आला.

२०१९ मधली गंमत तर आपल्या दारातली. लिनियसच्या उल्वा लॅक्टुकाच्या मूळ नमुन्याचा डीएनए वाचला, तर तो उत्तर युरोपात तेच नाव मिरवणाऱ्या शेवाळाशी जुळेना. जुळला तो उष्ण समुद्रातल्या, आपल्याकडे उल्वा फॅसिआटा म्हणून नोंदल्या गेलेल्या जातीशी. भारतीय किनाऱ्यांच्या जुन्या याद्यांत ही दोन नावं वेगवेगळी आहेत, त्यामुळे कोकणातून गोळा केलेले नमुने पुन्हा तपासावे लागणार.