दारावरची पाटी आणि कागदाची पकड

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही घराला रंग दिला, तेव्हा दारावरची जुनी पाटी उतरवली. सासऱ्यांनी ती हौसेने सागवानी फळीवर पेंटरकडून रंगवून घेतली होती. तिच्यावर त्यांचे एकट्याचे नाव, मराठीत. पाटी पुसायला हातात घेतली, तेव्हा माझ्या मुलीने सहज विचारले, "अज्जीचं नाव कुठंय?"

सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्यांचे माहेर धारवाडकडचे. शाळा कन्नडमध्ये झाली, पुराण वाचतात कन्नडमध्ये, बँकेत सही करतात तीही कन्नडमध्ये. मराठी इतके छान बोलतात की नवख्याला शंका येऊ नये. पण वाचायचे म्हटले की एकेक अक्षर लावत बसतात. म्हणजे ज्या दारातून त्या पंचेचाळीस वर्षे आत-बाहेर करत आल्या, त्या दारावर त्यांचे नाव नव्हते, आणि जे होते ते त्यांना झटकन वाचता येत नव्हते.

नवी पाटी दोन्ही लिप्यांत आणि दोघांच्या नावांची करायची, असे ठरले. मग प्रश्न आला, वर कोणती लिपी? आपल्या भागात हा प्रश्न साधा नसतो. यजमान एक म्हणाले, दीर दुसरे म्हणाले. शेवटी अव्वाच म्हणाल्या, "वर-खाली कशाला? शेजारी-शेजारी ठेवा." विषय मिटला.

हाताने दोन्ही लिप्या वळणदार रंगवणारे पेंटर आता शोधावे लागतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे कपांवर, ढालींवर छपाई करण्याचे छोटे दुकान आहे. तो म्हणाला, "मॅडम, लाकडी पाटीवर सब्लिमेशन करून देतो. दोन्ही अक्षरं येतील." जून संपत आला होता, बाहेर झड लागली होती. मुलीला घेऊन मी दुकानात गेले.

कापरासारखी शाई

सब्लिमेशनला शाळेच्या मराठी पुस्तकात 'संप्लवन' म्हणतात, कन्नड पुस्तकात 'उत्पतन'. कापूर किंवा डांबरगोळी पातळ न होता थेट हवेत उडून जाते, तीच ही क्रिया. या छपाईची शाई तशीच असते. आधी ती खास कागदावर छापतात. तो कागद वस्तूवर ठेवून साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअस उष्णता आणि दाब दिला की शाईतला रंग वायू होतो आणि वस्तूवरच्या पॉलिस्टरच्या थरात शिरतो. थंड झाल्यावर तिथेच अडकून बसतो.

यातली मेख अशी की कोऱ्या लाकडाला हा रंग नीट धरत नाही. मी सागवानी फळी घेऊन गेले होते. ती त्याने हसून बाजूला ठेवली. या कामाच्या पाट्या बहुतेक एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या असतात आणि त्यांच्या दर्शनी बाजूला पांढरा चकचकीत थर दिलेला असतो. पांढरा अशासाठी, की या छपाईत पांढरी शाई नसते. जिथे रंग नाही, तिथे खालची पाटीच दिसते.

कागद हातात आला तेव्हा मुलगी गोंधळली. अक्षरे उलटी! मराठी डावीकडे हवी होती, ती उजवीकडे गेलेली. कागद पाटीवर पालथा पडणार, म्हणून छपाई आरशातल्यासारखी करावी लागते. रंगही विटलेले दिसत होते. "तापल्यावर खुलतात," विद्यार्थी म्हणाला. मी दुकानातल्या आरशासमोर कागद धरून दोन्ही नावे वाचून घेतली. कागदावर चूक सापडली तर एक कागद जातो, पाटीवर सापडली तर पाटी जाते.

पहिली पाटी वाया

घाईचे दिवस होते. त्याने कागद पाटीवर पालथा ठेवला, वरच्या कडेला चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले आणि पाटी यंत्रात सरकवली. वेळ संपल्याची शिट्टी झाली, वरचा तवा उचलला आणि त्याबरोबर कागदाची मोकळी कड किंचित उचलली जाऊन पुन्हा खाली टेकली. इतकेच. कागद सोलला तर प्रत्येक अक्षराला बाजूने फिकट सावली.

अव्वांच्या नावात जोडाक्षर आहे. कन्नडमध्ये त्याचा दुसरा भाग, ओत्तक्षर, मूळ अक्षराच्या पायाशी लहान आकारात बसतो. सावलीने नेमकी तीच गोलाई भरून गेली. सासऱ्यांच्या नावावरचा अनुस्वार एकाचे दोन झाला होता. फुलांच्या चित्रात अशी सावली कदाचित खपून गेली असती, नावात खपत नाही.

असे का होते, ते त्याने मग समजावून सांगितले. यंत्र उघडले तरी पाटी आणि कागद तापलेलेच असतात, रंग अजून वायूच्या रूपात निघत असतो. त्या क्षणी कागद केसभर हलला तरी दुसरा ठसा उमटतो. आणि थरात शिरलेला रंग पुसता येत नाही.

कागद धरावा कसा?

दुसऱ्या वेळी त्याने सावकाश काम केले. मी टिपून घेतले, कारण आता घरगुती व्यवसाय म्हणून हे यंत्र घेणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत.

आधी पाटीवरचा संरक्षक पातळ पापुद्रा काढला. तो राहिला तर रंग त्या पापुद्र्यावरच बसतो. मग मऊ कापडाने पाटी पुसली, कारण धुळीचा बारीक तंतूही रंगीत ठिपका सोडून जातो. पावसाळी हवेत कागद ओल धरतो. ती ओल यंत्रात वाफ होऊन डाग पाडते, कागद उचलते. म्हणून छापलेला कागद काही सेकंद यंत्राच्या उबेत, दाब न देता, सुकवला.

कागद पाटीपेक्षा चारही बाजूंनी अर्धा इंच मोठा कापला होता. तो पालथा ठेवून मधून कडेकडे तळव्याने सपाट केला. मग समोरासमोरच्या कडा ताणून मागे दुमडल्या आणि उष्णता सोसणारी चिकटपट्टी पाटीच्या मागच्या बाजूला लावली. एकाच कडेला लावली तर कागद बिजागरीच्या दारासारखा उघडतो. समोरासमोर लावली तर जागचा हलत नाही. चिकटपट्टी छपाईच्या भागावर येऊ द्यायची नाही, तिचा वळ उमटतो. घरातली साधी सेलोटेप तर मुळीच नको, ती वितळते. कापडासाठी स्वतःच चिकटणारा कागद मिळतो, पण अशा टणक पाटीला साधा सब्लिमेशन कागद आणि चिकटपट्टीच बरी.

वर आणि खाली कोरा कागद ठेवला, म्हणजे सुटलेला रंग यंत्राला लागून पुढच्या कामावर उतरत नाही. छापलेली बाजू तव्याकडे ठेवली, कारण लाकूड उष्णता लवकर पलीकडे जाऊ देत नाही. अशा पाटीला बहुधा ६० ते ९० सेकंद लागतात. पाटी विकणाऱ्याने दिलेला आकडा आधी पाहावा आणि एखादा तुकडा करून बघावा.

शिट्टी झाली. तवा अलगद उचलला. जाड हातमोजे घालून पट्ट्या सोडवल्या आणि कागद एका दमात, न घसरवता, सरळ वर उचलला. मग पाटी गार होईपर्यंत सपाट वजनाखाली ठेवली, म्हणजे ती वाकडी होत नाही.

अक्षरे स्वच्छ उमटली होती. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. अनुस्वार एकच, ओत्तक्षर आपल्या जागी.

दारावर

एमडीएफ पाण्याने फुगते आणि हे रंग कडक उन्हात हळूहळू फिके होतात. त्यामुळे नवी पाटी व्हरांड्याच्या आत, पागोळ्या आणि ऊन दोन्ही चुकवून लावली आहे. बिघडलेली पाटी मुलीने अभ्यासाच्या टेबलावर ठेवली. सासऱ्यांची सागवानी पाटी पुसून बाहेरच्या खोलीत, त्यांच्या फोटोखाली टांगली.

पाटी लावली त्या संध्याकाळी अव्वा चष्मा लावून दारात उभ्या राहिल्या. आपल्या नावावरून त्यांनी बोट फिरवले. हाताला अक्षर लागेना. रंग थराच्या आत असतो, वर त्याचा उंचवटा नसतो. मी ते सांगायला तोंड उघडले, पण त्या नाव वाचत होत्या. आधी आपले, मग शेजारचे सासऱ्यांचे, तेही कन्नडमध्ये, न अडखळता.

"चलो आगेद," म्हणाल्या आणि दिवा लावायला आत गेल्या.